एका खुणेने ०.०८८ चे ०.६२० झाले: आरोग्यस्थितीचे मूल्य ठरवते कोण?

प्रश्न: पाऊलवाट

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघेदुखीच्या जुन्या रुग्णांवरील एका लहानशा अभ्यासाची आकडेवारी सध्या लावत आहे आणि त्या निमित्ताने आरोग्य अर्थशास्त्राशी प्रथमच गाठ पडली आहे. प्रश्न अगदी प्राथमिक वाटल्यास सांभाळून घ्यावे.

आम्ही रुग्णांकडून ईक्यू-५डी या प्रश्नावलीची तीन पातळ्यांची जुनी आवृत्ती भरून घेतो. चालणे-फिरणे, स्वतःची काळजी घेणे, नेहमीची कामे, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा नैराश्य असे तिचे पाच पैलू आहेत. प्रत्येक पैलूसमोर तीन विधाने असतात: पहिले त्रास नसल्याचे, दुसरे काही त्रास असल्याचे आणि तिसरे अतिशय त्रास असल्याचे किंवा ती गोष्ट अजिबात जमत नसल्याचे. पाच खुणांचा मिळून पाच आकडी संकेत होतो आणि ब्रिटनमधील लोकांच्या मतांवरून तयार केलेल्या कोष्टकातून त्याचे मूल्य काढले जाते. त्यात १ म्हणजे पूर्ण आरोग्य आणि ० म्हणजे मृत्यू. कोणत्या उपचारावर सार्वजनिक पैसा खर्च करायचा हे ठरवतानाही अशी मूल्ये धरली जातात.

आमच्या एका रुग्ण बाईंचा पहिल्या भेटीतला संकेत २१२३२ होता, ज्याचे मूल्य ०.०८८ आले. सहा आठवड्यांनी तो २१२२२ झाला आणि मूल्य ०.६२० आले. फरक फक्त वेदनेच्या ओळीत आहे. तिथली खूण तिसऱ्या विधानावरून दुसऱ्यावर आली, बाकी काहीही बदललेले नाही. त्याच प्रश्नावलीत ० ते १०० अशी एक उभी मोजपट्टी असते, जिच्यावर आपली आजची प्रकृती रुग्णाने स्वतः दाखवायची असते. तिथे त्यांनी पहिल्यांदा ६० आणि नंतर ६८ वर खूण केली. ‘थोडे बरे आहे’ असे त्या म्हणाल्या आणि मोजपट्टीही तेच सांगते. कोष्टक मात्र त्या जवळजवळ मृत्यूच्या दारातून परत आल्या असे सांगते. पहिल्या भेटीला त्या दोन जिने चढून आल्या होत्या, हेही इथे नोंदवून ठेवते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एका खुणेने निम्म्याहून अधिक मोजपट्टी कशी ओलांडली जाते? ०.०८८ हे मूल्य त्या बाईंना न विचारता ठरवले कोणी? आणि कोष्टकात सर्वांत खालच्या ३३३३३ या स्थितीचे मूल्य उणे ०.५९४ दिले आहे, तर एखादी जिवंत स्थिती मृत्यूपेक्षाही कमी मूल्याची आहे हे मोजतात तरी कसे?

प्रतिसाद १: दशांश

पाऊलवाट, हा प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. या विषयातली माणसे गेली पन्नास वर्षे याच्याभोवती फिरत आहेत आणि अजून एकमत झालेले नाही.

आधी हिशेब पाहू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निव्वळ वजाबाकीत आहे. तुम्ही वापरत असलेले कोष्टक १९९३ साली यॉर्क विद्यापीठातील गटाने ब्रिटनमध्ये केलेल्या सर्वेक्षणावर उभे आहे आणि त्यामागचे प्रतिमान पॉल डोलन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. पाच पैलू आणि तीन पातळ्या म्हणजे २४३ आरोग्यस्थिती होतात. इतक्या स्थितींबद्दल लोकांना विचारत बसणे शक्य नसल्यामुळे सुमारे ३,००० सर्वसामान्य नागरिकांकडून त्यांपैकी ४२ स्थितींची मूल्ये प्रत्यक्ष घेण्यात आली आणि उरलेल्या स्थितींची मूल्ये संख्याशास्त्रीय समीकरणाने काढण्यात आली. ते समीकरण असे चालते: पूर्ण आरोग्याचे १ घ्यायचे आणि कुठेही काहीही त्रास असला की प्रथम सरसकट ०.०८१ वजा करायचे. त्यानंतर चालण्याच्या दुसऱ्या पातळीसाठी ०.०६९, नेहमीच्या कामांच्या दुसऱ्या पातळीसाठी ०.०३६, नैराश्याच्या दुसऱ्या पातळीसाठी ०.०७१ आणि वेदनेच्या तिसऱ्या पातळीसाठी ०.३८६ वजा करायचे. एवढ्यावर थांबलो तर तुमच्या रुग्णाचे मूल्य ०.३५७ येते. परंतु पाचांपैकी एका जरी पैलूत तिसरी पातळी असली, तर आणखी ०.२६९ एकदाच वजा होतात. म्हणून ०.०८८.

आता वेदना दुसऱ्या पातळीवर आली की ०.३८६ ऐवजी ०.१२३ वजा होतात, म्हणजे ०.२६३ परत मिळतात, आणि दुसरीकडे कुठेही तिसरी पातळी नसल्यामुळे ते जादाचे ०.२६९ सुद्धा परत मिळतात. बेरीज ०.५३२. याच बाईंना वेदनेखेरीज आणखी एका पैलूत तिसरी पातळी असती, तर वेदनेतला तेवढाच उतार फक्त ०.२६३ इतका मोजला गेला असता. अधिक आजारी व्यक्तीला मिळालेला तोच आराम निम्म्याने मोजला जातो, ही गोष्ट हे कोष्टक वापरणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वरच्या टोकालाही अशीच एक फट आहे: पूर्ण आरोग्याच्या १ नंतरचे सर्वांत मोठे मूल्य थेट ०.८८३ आहे, मधे काहीच नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. त्या नागरिकांना ‘ही स्थिती तुम्हाला किती वाईट वाटते’ असे विचारलेले नव्हते. त्यांच्यापुढे एक सौदा ठेवला होता. कल्पना करा की या स्थितीत तुम्ही १० वर्षे जगणार आणि मग मृत्यू येणार. त्याऐवजी पूर्ण निरोगी पण त्याहून कमी वर्षे मिळणार असतील, तर किती वर्षांवर तुमचे मन दोन्हीकडे सारखेच झुकेल? कोणी ६ वर्षे म्हणाले, तर त्या स्थितीचे मूल्य ०.६. या पद्धतीला टाइम ट्रेड-ऑफ म्हणतात आणि ती टोरन्स, थॉमस आणि सॅकेट यांनी १९७२ साली मांडली. तिच्याहून जुनी पद्धत स्टँडर्ड गॅम्बल ही आहे. तिचा पाया फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या सिद्धांतात आहे आणि तिच्यात वर्षांऐवजी जोखीम पणाला लागते: पूर्ण बरे करणारा, पण काही टक्के शक्यतेने जीव घेणारा उपचार तुम्ही किती टक्क्यांपर्यंत पत्कराल?

तेव्हा ०.०८८ म्हणजे त्या बाईंना किती दुखते याचे माप नव्हे. २१२३२ या वर्णनातली १० वर्षे काढण्यापेक्षा सुमारे साडेदहा महिन्यांचे निरोगी आयुष्य पत्करू, असे ब्रिटनमधील सरासरी नागरिकाचे उत्तर असेल, हा समीकरणाने बांधलेला अंदाज म्हणजे ०.०८८. त्या नागरिकांपैकी बहुतेकांनी ती स्थिती अनुभवलेली नसते. त्यांच्यापुढे असतात पाच ओळी.

प्रतिसाद २: निरगाठ

दशांश यांनी गणित सांगितले. मी काही काळ अशा मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय घडते ते सांगतो.

पुस्तकात वाचताना सौदा फार नेटका वाटतो. प्रत्यक्षात समोरची व्यक्ती पहिली दोन-तीन मिनिटे प्रश्नाशीच झगडत असते. ‘दहा वर्षांनी नक्की मृत्यू’ हे बहुतेकांना पटत नाही. मनातल्या मनात ते उपचार शोधतात, एखादे नवे औषध निघेल असे धरतात आणि त्या धरलेल्या आशेवर उत्तर देतात. काही जण एक दिवसही द्यायला तयार होत नाहीत. एका बाईंनी सर्वांत कठीण स्थितीलाही पूर्ण १० वर्षे ठेवली आणि ‘मुले लहान आहेत, मला कसेही असले तरी चालेल’ असे सांगितले. त्यांचे उत्तर १ म्हणून नोंदले गेले. आता हे त्या आरोग्यस्थितीचे मूल्य म्हणायचे की मुलांवरच्या जबाबदारीचे? याउलट एका गृहस्थांनी साध्या वेदनेसाठी निम्मे आयुष्य देऊन टाकले, कारण त्यांच्या वडिलांचे शेवटचे वर्ष त्यांच्या डोळ्यांसमोर होते. दोन्ही उत्तरे खरी होती आणि दोन्ही एकाच सरासरीत गेली.

आणखी एक अडचण काळाची. पद्धत असे धरून चालते की एक वर्षाला जे प्रमाण लागू तेच १० वर्षांना लागू. माणसे तशी विचार करीत नाहीत. ‘सहा महिने असे काढीन, पण त्यापुढे नको’ असे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. एखादी स्थिती किती काळ सोसता येईल याची प्रत्येकाची एक मर्यादा असते आणि ती ओलांडल्यावर पुढचे प्रत्येक वर्ष लाभाऐवजी बोजा वाटते, असे सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ सालीच दाखवले होते. तरीही १० वर्षांचा साचा टिकून राहिला, कारण बहुतेक देश तोच वापरत असल्याने तुलना करता येते. सोय ही संशोधनातही फार मोठी शक्ती आहे.

या सगळ्यामुळे आकडे निरर्थक ठरतात असे मला म्हणायचे नाही. शेकडो मुलाखतींनंतर क्रम आश्चर्यकारकरीत्या स्थिर होतो. तीव्र वेदना आणि तीव्र नैराश्य लोक जवळजवळ नेहमीच खाली ठेवतात. अडचण क्रमात नाही, दोन पायऱ्यांमधल्या अंतरात आहे.

प्रतिसाद ३: उंबरठा

मी तज्ज्ञ नाही. १४ वर्षे सांध्यांच्या आजारासह जगत आहे आणि पाऊलवाट यांच्या रुग्णाप्रमाणेच अशा प्रश्नावल्या अनेकदा भरल्या आहेत. त्या खुणांचे पुढे काय होते हे आज प्रथमच समजले, आणि खरे सांगायचे तर राग आला.

ज्याने माझा आजार पाहिलेला नाही, त्याने पाच ओळी वाचून माझ्या वर्षाची किंमत करायची आणि त्या किमतीवर माझ्या औषधाचा निर्णय व्हायचा, ही रीत मला उलटी वाटते. निरोगी माणसाला ‘चालताना त्रास’ म्हटले की तो दिवसभर फक्त न चालण्याचाच विचार करतो. मी तसा करीत नाही. मी वाचतो, हिशेब लिहितो, भांडतो, हसतो, आणि त्यात पुष्कळ तास असे जातात की गुडघ्यांची आठवणही होत नाही.

पण दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर माझे म्हणणे अर्धवट राहील. ‘रुग्ण जुळवून घेतात, म्हणून त्यांची स्थिती तितकी वाईट नाही’ हा निष्कर्षही मला नको आहे. मी जुळवून घेतले म्हणजे नेमके काय केले? काही कामे सोडली, काही माणसांकडे जाणे सोडले, अपेक्षा खाली आणल्या. मग खाली आणलेल्या अपेक्षेच्या मापाने मी ‘७०’ वर खूण केली. तो आकडा घेऊन कोणी म्हणाले की याला नव्या उपचाराची फारशी गरज नाही, तर ती माझ्या सहनशीलतेला दिलेली शिक्षाच होईल.

आणि एक थेट प्रश्न. माझे मूल्य समजा ०.५ आहे. मला आणि एका निरोगी माणसाला एकाच अपघातातून वाचवायचे झाले, तर हे गणित काय सांगते?

प्रतिसाद ४: दशांश

उंबरठा, तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. २२२२२ या स्थितीचे जुन्या कोष्टकातील मूल्य ०.५१६ आहे. त्या स्थितीतील व्यक्तीचे आयुष्य १० वर्षांनी वाढले तर ५.१६ गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षे (वर्षे गुणिले मूल्य), म्हणजे ज्यांना सगळे क्वाली म्हणतात ती मोजली जातात. निरोगी व्यक्तीची तेवढीच वर्षे वाढली तर १० मोजली जातात. गणित त्या निरोगी व्यक्तीच्या बाजूने झुकते. तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी १९८७ साली हाच आक्षेप घेतला होता: आजाराने एकदा नुकसान झालेल्या माणसाचे, वाचवण्याच्या रांगेत त्याच कारणावरून दुसऱ्यांदा नुकसान होते. हा आक्षेप पुस्तकातच राहिला नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने गरिबांच्या आरोग्यविम्यासाठी उपचारांची क्रमवारी लावली, तेव्हा १९९२ साली केंद्र सरकारने ती अपंगांच्या हक्कांच्या कायद्याकडे बोट दाखवून परत पाठवली. यावर काही पर्यायही सुचवले गेले. त्यांपैकी एक असा की, वाढलेले प्रत्येक वर्ष सर्वांसाठी सारखेच मोजावे आणि गुणवत्तेतील सुधारणा तेवढी वेगळी धरावी. दुसरा मार्ग, कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यावेत हे सुचवणाऱ्या इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २०२२ साली घेतला: आजार जितका गंभीर, तितके त्या रुग्णांना मिळणाऱ्या लाभाला अधिक वजन, कमाल १.७ पट. माझ्या मते दोन्ही ठिगळे आहेत. पण ठिगळ लावावे लागले, म्हणजे कापड तिथे फाटले होते हे तरी मान्य झाले.

आता ‘कोणाला विचारायचे’ याबद्दल. सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा कोणाला छळत नव्हता. रॉसर आणि काइंड यांनी १९७८ साली अवघ्या ७० जणांना विचारून एक तक्ता तयार केला. त्याच्याच आधारे यॉर्कचे अर्थशास्त्रज्ञ अॅलन विल्यम्स यांनी १९८५ साली हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतून मिळणाऱ्या लाभाचा आणि तिच्या खर्चाचा बहुचर्चित हिशेब मांडला. ७० लोकांच्या मतांवर राष्ट्रीय खर्चाची चर्चा चालते हे खटकले, म्हणून पुढे हजारोंचे सर्वेक्षण आले. प्रश्नाचे स्वरूप मात्र बदलले नाही.

सर्वसामान्य नागरिकांना विचारावे, या बाजूचा युक्तिवाद असा: पैसा सर्वांचा आहे, आणि उद्या आपल्यावर कोणता आजार येईल हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून ज्याप्रमाणे विमा घेताना आपण आधी ठरवतो त्याप्रमाणे इथेही आधीच्या पसंतीलाच महत्त्व द्यावे. अमेरिकेत १९९६ साली तज्ज्ञांच्या एका समितीने याच दिशेने शिफारस केली आणि नाइसही सर्वसामान्यांची मते धरते. स्वीडनमध्ये औषधांच्या किमतींचा निर्णय घेणारी संस्था मात्र त्या आजारात प्रत्यक्ष असणाऱ्यांनी दिलेल्या मूल्यांना प्राधान्य देते. एकाच औषधाचा लाभ दोन देशांत वेगळा मोजला जाण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

ज्यांच्या समीकरणावर ब्रिटनचे कोष्टक उभे आहे, ते पॉल डोलन स्वतः पुढे या पद्धतीचे टीकाकार झाले. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांच्यासह २००८ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी मांडले की लोक सौदा करताना उद्याच्या अनुभवाचा अंदाज बांधतात आणि तो अंदाज पद्धतशीरपणे चुकतो. निरोगी माणूस आजारात जाण्याच्या क्षणाची कल्पना करतो, आजारात राहण्याच्या हजार दिवसांची करीत नाही. याचा सर्वांत मोठा परिणाम पैलूंच्या परस्पर वजनावर होतो. लोकांच्या प्रत्यक्ष समाधानाशी ताडून पाहिले, तर चालण्यातील अडचणीचे वजन पसंतीवरून काढलेल्या वजनापेक्षा बरेच कमी भरते आणि चिंता-नैराश्याचे बरेच वाढते. कारण समजण्याजोगे आहे: गुडघ्यांचा विसर पडू शकतो, जसा तुम्हाला पडतो, नैराश्याचा पडत नाही, कारण ज्या मनाने विसरायचे तेच आजारी असते. ब्रिटनच्या कोष्टकात मात्र चालण्याच्या तिसऱ्या पातळीला ०.३१४ आणि नैराश्याच्या तिसऱ्या पातळीला ०.२३६ वजा होतात.

मात्र त्यावरून रुग्णांचीच मूल्ये घ्या असे म्हणावे, तर तुम्ही सांगितलेली खाली आणलेल्या अपेक्षेची अडचण उभी राहते. दोहोंतून सुटका करून देणारी पद्धत नाही, कारण हा प्रश्न पद्धतीचा नाहीच. सार्वजनिक पैसा वाटताना कोणाचा शब्द धरायचा, हा राजकीय प्रश्न आहे आणि तो समीकरणाच्या आत शिरून बसला आहे. माझी तक्रार एवढीच आहे की तो निर्णय कोष्टकाच्या शीर्षकात लिहिलेला नसतो.

प्रतिसाद ५: पाऊलवाट

सर्वांचे आभार. उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ६० आणि ६८ हे आकडे मी ‘रुग्णाचे खरे मत’ म्हणून बाजूला ठेवले होते, आता त्यांच्याकडेही तितक्याच सावधपणे पाहावे लागेल.

माझा तिसरा प्रश्न मागे राहिला आहे. आणि एक व्यावहारिक शंका: अहवालात मी नेमके काय लिहावे?

प्रतिसाद ६: तळटीप

उणे आकड्यांचा प्रश्न मी घेतो, कारण त्यामागची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

एखाद्या व्यक्तीने ‘या स्थितीत १० वर्षे काढण्यापेक्षा लगेच मरण आलेले बरे’ असे म्हटले की नेहमीचा सौदा मोडतो, कारण द्यायला वर्षेच उरत नाहीत. यॉर्कच्या सर्वेक्षणात तेव्हा प्रश्न बदलला जाई: एकीकडे लगेच मृत्यू, दुसरीकडे काही काळ ती वाईट स्थिती आणि त्यानंतर उरलेला काळ पूर्ण आरोग्य, मिळून १० वर्षे. त्या वाईट काळाची भरपाई व्हायला निरोगी काळ किती लागतो ते पाहून, निरोगी काळाला वाईट काळाने भागले की उणे मूल्य निघे. पण या भागाकाराला खालच्या बाजूने आवर नव्हता. निरोगी पावणेदहा वर्षे मिळाली तरच वाईट स्थितीतले तीन महिने सोसू, असे कोणी म्हटले की मूल्य उणे ३९ येई. असे थोडे आकडे साऱ्या सरासरीला खाली ओढून नेतील म्हणून संशोधकांनी उणे बाजूची मोजपट्टी दाबून ती उणे १ च्या आत आणली. उणे ०.५९४ हा आकडा त्या दाबण्यातून आलेला आहे. तो खोटा नाही, पण शून्याच्या वरचे अर्धे आणि खालचे अर्धे एकाच मापाचे आहेत असे समजून बेरीज करताना हात थोडा अडखळला पाहिजे. आताच्या मुलाखतींत वाईट स्थितीच्या आधी १० निरोगी वर्षे जोडून सौदा मांडतात, त्यामुळे मूल्य मुळातच उणे १ च्या खाली जात नाही. ही मर्यादासुद्धा प्रश्नाच्या रचनेतून येते.

कोष्टक बदलले की मृत्यूपेक्षा वाईट स्थितींची संख्याही बदलते, हे लक्षात घ्यावे. तीन पातळ्यांच्या ब्रिटिश कोष्टकात २४३ पैकी एक तृतीयांशाहून अधिक स्थिती शून्याखाली आहेत. प्रश्नावलीची पाच पातळ्यांची आवृत्ती आल्यावर ३,१२५ स्थिती झाल्या. इंग्लंडसाठी नॅन्सी डेव्हलिन आणि सहकाऱ्यांनी केलेले तिचे कोष्टक २०१८ साली छापून आले, त्यात शून्याखालच्या स्थिती सुमारे पाच टक्केच उरल्या आणि तळाचे मूल्य उणे ०.२८५ झाले. नाइसने मात्र २०१७ सालीच ते न वापरण्याचा सल्ला दिला होता आणि नव्या प्रश्नावलीची उत्तरे जुन्या कोष्टकावर उतरवून घ्यायला सांगितले. तळ वर आल्यामुळे जगण्याची गुणवत्ता सुधारणाऱ्या उपचारांचा मोजलेला लाभ घटतो आणि आयुष्य वाढवणाऱ्यांचा वाढतो, हे ज्यांच्या लक्षात आले त्यांना हा वाद केवळ संख्याशास्त्राचा वाटला नाही.

शब्दांचाही वाटा आहे. तीन पातळ्यांच्या आवृत्तीत चालण्याच्या तळाच्या विधानाचा अर्थ ‘मी अंथरुणाला खिळून आहे’ असा आहे. नव्या आवृत्तीत त्याजागी ‘मला चालता-फिरता येत नाही’ अशा अर्थाचे विधान आले. चाकांच्या खुर्चीवर कामाला जाणारी व्यक्ती जुन्या प्रश्नावलीत कुठे खूण करणार होती? ती खिळलेली नव्हती, म्हणून मधल्या पातळीवर, लंगडत चालणाऱ्याच्या शेजारी.

आता तुमच्या अहवालाबद्दल. एका रुग्णाची कहाणी सांगताना कोष्टकातले मूल्य वापरू नका; ते गटांची तुलना करण्यासाठी आणि खर्चाच्या निर्णयासाठी बनवलेले आहे, एका व्यक्तीची प्रगती दाखवण्यासाठी नाही. किती रुग्ण कोणत्या पैलूत कोणत्या पातळीवरून कुठे गेले हे आधी द्या, मग मोजपट्टीवरचे आकडे द्या, आणि शेवटी मूल्य देताना ते कोणत्या देशाच्या, कोणत्या सालच्या, कोणाला विचारून केलेल्या कोष्टकातून घेतले हे त्याच वाक्यात लिहा. सरासरीचा लाभ मोठा दिसत असेल, तर तो किती रुग्णांच्या एकाच तिसऱ्या पातळीच्या खुणेवर उभा आहे हे मोजून पाहा. लहान अभ्यासात तीन-चार माणसे सारा निकाल फिरवतात.

प्रतिसाद ७: निरगाठ

तळटीप यांच्या शेवटच्या सूचनेला माझी पुस्ती: जमल्यास त्या बाईंना विचारा की पहिल्या भेटीत तिसऱ्या विधानावर खूण का केली. आम्ही मुलाखतींत कारण विचारत नसू, आणि नंतर कागद चाळताना नेहमी तेच विचारावेसे वाटे.

प्रतिसाद ८: पाऊलवाट

विचारले. गेल्या आठवड्यात त्या आल्या होत्या, तेव्हा जुना कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना आठवत होते. त्या म्हणाल्या की त्या दिवशी वेदना ‘अतिशय’ नव्हती, पण ‘मध्यम’ म्हणावी अशीही नव्हती. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, मधे कुठे खूण करायला जागा नव्हती आणि कमी सांगितले तर आपल्याकडे लक्ष दिले जाणार नाही असे वाटले, म्हणून तिसरीवर केली.

माझ्या ३८ रुग्णांपैकी वेदनेच्या ओळीत तिसरीवरून दुसरीवर आलेले सात आहेत. त्या सातांना वगळून सरासरी लाभ पुन्हा काढला, तर तो निम्म्याहूनही कमी उरतो. अहवालात दोन्ही आकडे देत आहे आणि पुढच्या फेरीसाठी पाच पातळ्यांची प्रश्नावली मागवली आहे.